टिटवी, चिखल्या आणि शहराचा काठ : मराठी साहित्यदृष्टीची एक मर्यादा

प्रास्ताविक

बीड शहर बिंदुसरा नदीच्या काठी वसले आहे. ही नदी सिंदफणेला आणि सिंदफणा गोदावरीला मिळते. अशा शहरी नदीच्या उथळ पाण्यात व गाळात भक्ष्य टिपणाऱ्या पक्ष्यांकडे मराठी साहित्याने कसे पाहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन

ज्ञानेश्वरीच्या (इ. स. १२९०) पहिल्या अध्यायात गीतार्थ सांगण्याचे धाडस चोचीने सागर मोजणाऱ्या टिटवीच्या दृष्टान्तातून व्यक्त होते. पंचतंत्रात हाच पक्षी अंड्यांसाठी समुद्राशी वैर मांडतो. दोन्ही ठिकाणी टिटवी प्रतीक आहे. तिचे जगणे हा विषय नाही. याउलट, टिटवीने अंडी कोठे घातली यावरून पावसाचा अंदाज बांधणारा शेतकरी तिला प्रत्यक्ष पाहतो. अंदाज खरा ठरो वा न ठरो, त्यामागे निरीक्षण आहे.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी या निरीक्षणाला ग्रंथरूप प्रतिष्ठा दिली. त्यांच्या ‘पक्षिकोशा’ने पक्षिनामांचे मोठे धन मराठीला दिले. तथापि त्यांच्या लेखनाची भूमी अरण्य आहे. नवेगावचा तलावही अरण्यातलाच. त्यांच्या प्रभावातून निसर्ग म्हणजे दूरचे रान, हा संकेत दृढ झाला आणि गावातला काठ वर्णनाबाहेर राहिला.

या काठाचे वाचन सौंदर्यदृष्टीला अवघड जाते. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या सांडपाण्याच्या डबक्यातही चरतो. त्यामुळे त्याचे असणे हा नदीच्या शुद्धतेचा दाखला ठरत नाही. शेपूट हलवीत एकटा फिरणारा तुतवार आणि नावातच चिखल बाळगणारा चिखल्या यांना उतरता, ओला, उथळ काठ लागतो. सुशोभीकरणाची उभी भिंत नेमका तोच नाहीसा करते. पाणी निवळेल, पक्षी मात्र उरणार नाहीत.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्याच्या नावाने अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच चिखलावरचे लहान, करड्या रंगाचे पक्षी रोहिताच्या देखणेपणाच्या आश्रयाने राहिले. बिंदुसरेसारख्या नदीला असा आश्रय सहजी लाभणारा नाही.

निष्कर्ष

मराठीत चिखल्यासाठी शब्द आहे. त्याच्या चिखलाविषयी आस्था व्यक्त करणारे गद्य मात्र विरळ आहे. प्रतीक आणि अरण्य यांच्या मधली ही जागा रिकामी राहिली, तर गाळ केवळ घाण ठरतो आणि तो हटविण्यास कोणाचीच हरकत उरत नाही. टिटवीची अंडी शोधणाऱ्या शेतकऱ्याची गरजेपोटीची, बारकाईची नजर हीच या गद्याची खरी परंपरा होऊ शकते.