पात्राचे मरण आणि बैठा खेळ

मराठी मुलांच्या खेळात गडी नुसता बाद होत नाही, तो 'मरतो'. आणि थोड्या वेळाने पुन्हा 'जिवंत'ही होतो. हुतूतूच्या मैदानावर 'मेला, मेला' अशी आरोळी उठली म्हणून रस्त्यावरचा वाटसरू दचकत नाही. कबड्डीत तर या मरणाच्या तीन रीतसर पद्धती खेळल्या गेल्या. संजीवनी पद्धतीत प्रतिपक्षाचा गडी मारला की आपला मेलेला गडी उठून मैदानात येतो. गामिनीत सारा संघ मरेपर्यंत मेलेल्याने रेषेबाहेरच बसावयाचे. आणि अमर पद्धतीत मेलेला गडी मैदान सोडतच नाही. प्रतिपक्षाच्या पदरात तेवढा गुण पडतो. बाहेर बसलेल्या गड्याच्या डोळ्यांत पाणी आलेच, तर ते हरण्याचे असते, वियोगाचे नसते.

परंतु ज्या खेळातील मरण वियोगासारखे लागते, असाही एक खेळ आहे आणि आमच्या बोरिवलीकडील काही तरुण तो खेळतात. त्याचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. पट असला तर असला. मुख्य सामग्री म्हणजे कागद, पेन्सिल, फासे आणि बोलणे. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र धारण करून 'मी दार उघडतो', 'मी पळत नाही' असे त्या पात्राच्या वतीने ठरवितात. ठरविलेले साधेल की नाही, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. एकच कथा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. अशा वेळी, पुष्कळदा अगदी क्षुल्लक प्रसंगी, फासा उलटा पडतो आणि पात्र मरते.

त्यानंतर जे घडते त्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आमच्या समाजात आढळतात आणि आम्हांस त्या दोन्ही अपुऱ्या वाटतात. पहिली वडीलधाऱ्यांची: 'खेळच तो, रडायचे काय त्यात?' दुसरी भयाची. १९८२ मध्ये अमेरिकेत एका शाळकरी मुलाने आत्महत्या केली. त्याची आई पॅट्रिशिया पुलिंग हिने या खेळाला दोष दिला आणि १९८३ मध्ये त्याविरुद्ध संघटना उभारली. १९८४ मध्ये जॅक चिक याने 'डार्क डन्जन्स' ही चित्रपुस्तिका काढली. तीत पात्र मेल्यामुळे एक मुलगी गळफास घेते, असे दाखविले आहे. पुलिंगबाईंच्या दाव्यांची कसून चिकित्सा मायकेल स्टॅकपोल या खेळलेखकाने १९९० मध्ये केली आणि ते दावे टिकले नाहीत. त्या मातेच्या दुःखापुढे आम्ही मस्तक लववितो. पण दुःख खरे असले म्हणून निदान खरे ठरत नाही. राहता राहिले चिकसाहेब. त्यांनी आम्हां कॅथलिकांविरुद्धही तितक्याच आवेशाने पुस्तिका काढल्या होत्या, हे त्यांची पुस्तिका पुढे करणाऱ्या आमच्या बांधवांनी ध्यानी घ्यावे.

या दोन्ही दृष्टींत मेलेल्या पात्राचे आणि खेळणाऱ्याचे नाते काय, हा प्रश्नच विचारलेला नाही. कादंबरीतील नायक मेला तर तो लेखकाने मारलेला असतो. आपण दुरून हळहळतो. नाटकात नट मरतो, पण त्याला पहिल्या तालमीपासून ते ठाऊक असते. या खेळात खेळणारा आपल्या पात्राचा निम्मा लेखक आणि पुरता नट असतो, आणि तरीही मरणाची वेळ त्याच्या हाती नसते. पात्राने मित्राला दिलेली वचने, त्याचे अपुरे राहिलेले वैर, त्याने कधी न पाहिलेला समुद्र, हे सारे त्यानेच योजिलेले असते. ते एका फाशाने निराधार होते. म्हणून हा शोक आप्ताच्या मरणासारखा नव्हे. परंतु खोटाही नव्हे. अर्धे लिहिलेले बाड पाण्यात पडावे आणि त्याबरोबर चार मित्रांचे संभाषणही मध्येच तुटावे, तसा तो आहे.

आता खेळाच्या नियमांकडे वळू. कारण नियम हेच या कलेचे व्याकरण. आरंभीच्या नियमांत प्राणगुण शून्यावर आले की मरण, एवढाच हिशेब होता. गायगॅक्सने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'टूम ऑफ हॉरर्स' या साहसकथेत तर प्रवेशमार्गावरच भिंतीत एक सैतानी मुख आहे. त्यात जो शिरला तो समूळ नाहीसा. फुशारकी मारणाऱ्या खेळाडूंचा गर्व उतरविणे हा तिचा एक हेतू होता. आम्हांस ही कथा चातुर्याची वाटते, थोर वाटत नाही. तीत मरण ही शिक्षा आहे; मरणाऱ्याविषयी तिला काही म्हणावयाचे नाही.

२०१४ च्या आवृत्तीत मरणाला वेळ दिला आहे. प्राणगुण संपलेले पात्र बेशुद्ध पडते आणि आपल्या प्रत्येक पाळीला फासा टाकते. दहा किंवा अधिक पडले तर यश, कमी पडले तर अपयश. तीन यशे आधी आली तर जीव तगला, तीन अपयशे आली तर गेला. एकचा आकडा पडला तर तो दोन अपयशांबरोबर. या दोनतीन फेऱ्यांत टेबलावरची सारी बडबड थांबते. ज्यांनी रुग्णशय्येजवळ रात्र काढली आहे त्यांना ती शांतता थोडीशी ओळखीची वाटेल. मित्रांना धावून येण्यास अवकाश मिळतो आणि नाहीच जमले तर निदान ते धावले होते, एवढे तरी कथेत उरते. हा बदल आम्ही कलादृष्ट्या मोठा मानतो.

याच नियमपुस्तकात मृताला उठविण्याचे मंत्रही आहेत. त्यांतील एक, पात्र मरून दहा दिवसांहून अधिक काळ लोटला नसेल तर चालतो. त्यासाठी पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची पडतो. तो मंत्र प्रामुख्याने धर्मगुरू-वर्गातील पात्रे म्हणतात. (एवढी दक्षिणा आमच्या धर्मग्रामात अद्याप कोणी देऊ केलेली नाही.) येथे टीकाकाराने नाक मुरडावे हे स्वाभाविक आहे, हिऱ्याने परत मिळणारे मरण ते कसले मरण? पण नियम पुरा वाचावा. परतलेले पात्र काही दिवस अशक्त राहते, त्याचा प्रत्येक फासा चार गुणांनी उणा पडतो आणि ही उणीव विश्रांतीगणिक एकेकाने भरून येते. शिवाय एक अट आहे: मृताचा आत्मा परतण्यास मोकळा आणि राजी असला पाहिजे. फाशाने हिरावलेला निर्णय या एका अटीने खेळणाऱ्याच्या हाती पुन्हा येतो. 'नको, त्याला असू द्या' असे म्हणण्याचा अधिकार त्याला मिळतो. मरणविषयक सर्व नियमांत आम्हांस हा सर्वांत शहाणा वाटतो.

उलट उदाहरण आमच्या अंधेरीतच घडले. बालाजी टेलिफिल्म्सच्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या २००० साली सुरू झालेल्या मालिकेत २००१ च्या आरंभी मिहिर विराणी मेला. घरोघरी हळहळ झाली, प्रेक्षकांनी गिल्ला केला आणि मिहिर परत आला. २०२५ मध्ये ही मालिका नव्याने सुरू झाली तेव्हाही तो हयातच होता. प्रेक्षकांचा शोक खरा होता. परंतु त्याला उत्तर म्हणून शोकाचे कारणच काढून घेतले गेले. त्यानंतर त्या मालिकेतील कोणते मरण प्रेक्षकाने खरे मानावे?

बैठ्या खेळात हाच दोष अधिक सूक्ष्म रूपाने शिरतो. काही सूत्रधार पडद्याआड फासा टाकतात आणि आकडा बदलून सांगतात; हेतू दयेचा असतो. मुलांच्या खेळात धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात; तो कितीदा धरला गेला तरी मरत नाही. त्यात काही वावगे नाही, कारण तो कच्चा लिंबू आहे हे साऱ्यांना माहीत असते. मोठ्या माणसाला न सांगता कच्चा लिंबू करणे ही मात्र दया नव्हे. त्याने दाखविलेले धैर्य त्यामुळे मागाहून पोकळ ठरते.

मग सांत्वन कसे करावे? लाजरसच्या कबरेपाशी प्रभू येशू रडला, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. त्याला उठविण्याचे सामर्थ्य आपणांपाशी आहे हे ठाऊक असूनही तो आधी रडला. आमच्या ओळखीच्या तरुणांत एकाचे दोन वर्षांचे पात्र गेले तेव्हा सोबत्यांनी तत्परतेने नवा कोरा कागद त्याच्यापुढे सरकविला आणि तो मुलगा बैठक सोडून गेला. दुसऱ्या बैठकीला फासे काढलेच नाहीत. प्रत्येकाने आपापल्या पात्राच्या तोंडून मेलेल्याविषयी एकेक आठवण सांगितली. कुणी त्याचे उसने राहिलेले पैसेही काढले आणि हशा झाला. चर्चच्या अंत्यविधीची नक्कल करण्याचा मोह त्यांनी टाळला, हे आम्हांस विशेष आवडले. तो विधी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठीच राहावा. जुना कागद त्या मुलाने फाडला नाही. नवे पात्र त्याने पंधरवड्याने आणले, आणि त्याला मेलेल्याची तलवार देऊ केली असता ती घेतली नाही.

पुढची कथा सुरू होण्याआधी त्यांनी आमच्याकडून कबड्डीच्या त्या तीन पद्धती समजावून घेतल्या व यावेळी मरणाचा नियम कोणता ठेवायचा, यावर मते घेतली. दोघे संजीवनीच्या बाजूचे, दोघे गामिनीच्या. 'अमर'ला एकच मत पडले. ते सूत्रधाराचे होते.