पार्कसाइडचा स्मृतिलेख व आगगाडीचा ‘पहिला बळी’

इंग्लंडांतील लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग ता. १५ सप्टेंबर १८३० रोजीं खुला झाला. त्याच दिवशीं लिव्हरपूलचे पार्लमेंटांतील प्रतिनिधि विल्यम हस्किसन हे पार्कसाइड येथें इंजिनाखालीं सांपडले व रात्रीं मरण पावले. अपघाताच्या जागीं पुढें एक लेखयुक्त शिला बसविण्यांत आली. मूळ शिला आतां यॉर्क येथील रेल्वेच्या संग्रहालयांत असून जागेवर तिची प्रतिकृति आहे. आगगाडीच्या आरंभकाळच्या धोक्यांविषयीं लिहितांना हा प्रसंग बहुतेक ग्रंथकार आधीं सांगतात, आणि हस्किसन हे आगगाडीचे ‘पहिले बळी’ होत, असें विधान एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरत आलें आहे. ताम्रपट किंवा शिलालेख हातीं आला म्हणजे आपण जी कसोटी लावतों, तीच या लेखास व या विधानास लावून पाहावी, असा आमचा हेतु आहे.

लेखांत स्थळ, दिवस व मृताचें नांव स्पष्ट आहे. तेवढ्यापुरतें तें साधन विश्वसनीय होय. परंतु मरणाचें कारण सांगण्याची वेळ येतांच लेखक अगम्य अशा ईश्वरी संकल्पाकडे बोट दाखवितो, आणि भरल्या समुदायांतून या एका पुरुषाचीच निवड झाली असें सांगून जीविताच्या क्षणभंगुरतेवर लेख संपवितो. इंजिनाचें नांव त्यांत नाहीं, तें कसें आलें हेंही नाहीं. स्मृतिलेख हा शोकाचा लेख असल्यानें याबद्दल लेखकास दोष देणें योग्य नव्हे. दोष आहे तो त्यास अपघाताचें प्रमाण मानणारांचा.

घडलेली हकीकत लौकिक कारणांनीं पूर्ण उलगडते. ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांची गाडी ‘नॉर्थंब्रियन’ इंजिनास जोडून दक्षिणेकडील मार्गावर, व इतर सात गाड्या उत्तरेकडील मार्गावर चालविल्या होत्या. पार्कसाइड येथें पाणी घेण्यासाठीं ड्यूकची गाडी थांबली असतां, खालीं उतरूं नये अशी सूचना असूनही, सुमारें पन्नास मंडळी उतरून मार्गावर हिंडूं लागली. हस्किसन १८२८ सालीं ड्यूकच्या मंत्रिमंडळांतून बाहेर पडले होते. तो दुरावा मिटविण्याच्या इच्छेनें ते त्याच्या गाडीपाशीं गेले. इतक्यांत शेजारच्या मार्गावरून जोसेफ लॉक चालवीत असलेलें ‘रॉकेट’ आलें. त्यास ब्रेक नव्हता. गति उलट करूनच तें थांबवावें लागे, व त्यास वेळ लागे. हस्किसननीं ड्यूकच्या गाडीचें दार धरलें, तें बाहेर उघडून इंजिनाच्या वाटेंत आलें, ते रुळावर पडले व त्यांचा पाय चिरडला. मार्गावरील गर्दी आणि ब्रेकावांचून यंत्र, या दोहोंपैकीं एकही गोष्ट अगम्य नाहीं.

आतां ‘पहिला’ या शब्दाकडे वळूं. ईगल्सक्लिफ गांवच्या चर्चच्या दफनवहींत १८२७ सालची एक त्रोटक नोंद आहे: स्त्री, नांव अज्ञात, मरण लोहमार्गावरील वाफेच्या यंत्रानें. ही नोंद हस्किसनच्या तीन वर्षें आधींची आहे. त्याही आधीं, डिसेंबर १८२१ मध्यें, लीड्सहून मिडल्टनच्या लोहमार्गानें घरीं पायीं जाणारा एक सुतार गारांच्या वादळांत कोळशाच्या गाडीखालीं सांपडून मेला. १८२८ सालीं स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर ‘लोकोमोशन’ इंजिनाचें बॉयलर फुटून त्याचा चालक गेला. यावर कोणी म्हणेल कीं, हे वाटसरू व नोकर होते. हस्किसन हे पहिले उतारू. हा भेद आम्हांस मान्य आहे, पण तो मान्य केल्यास मूळ विधान तितकेंच आकुंचित करावें लागेल. शिवाय अपघाताच्या क्षणीं हस्किसन गाडींत बसलेले नव्हते, ते रुळांवर उभे होते. ज्याच्या मरणाचा बोभाटा सर्वत्र झाला असा पहिला मनुष्य, एवढेंच विधान टिकतें.

हा वाद केवळ अनुक्रमाचा असता तर आम्हीं एवढीं पानें खर्च केलीं नसतीं. अपघात दैवाच्या माथीं मारला म्हणजे यंत्राची व चालकांच्या व्यवस्थेची चौकशी थांबते. ता. २४ डिसेंबर १८४१ रोजीं सॉनिंगच्या खोदाईंत अतिवृष्टीनें दरड कोसळून ग्रेट वेस्टर्नची गाडी तिच्यावर आदळली. तिसऱ्या वर्गाचे उघडे, बुटक्या कडांचे डबे इंजिन व मालाचे डबे यांच्या मध्यें जोडले होते. त्यांतील मजूर मागच्या वजनाखालीं चिरडले. पंचांनीं तेथें दैवाचें नांव न घेतां जुन्या प्रथेनुसार मृत्यूस कारण झालेल्या यंत्रावर १,००० पौंडांचा दंड बसविला. ती प्रथा १८४६ मध्यें रद्द झाली. परंतु १८४४ च्या कायद्यानें स्वस्त उतारूंसही छपराचे डबे मिळाले. दरड दैवानें येते. माणसांचे डबे कोठें जोडावे हें दैव ठरवीत नाहीं.

आपल्याकडील स्थितीही निराळी नाहीं. बांधकामांतील मरण व प्रवासांतील मरण हीं भिन्न असलीं, तरी नोंदीचा न्याय दोहोंस एकच लागतो. १८५६ ते १८६३ या काळांत बोरघाटाचा चढ बांधतांना एका वेळीं ४०,००० च्या वर माणसें राबत होतीं, व पटकीनें आणि अपघातांनीं त्यांतील हजारों मेलीं. १८५९ सालीं कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथें येऊन थोड्याच दिवसांत वारले व त्यांच्या पत्नी ॲलिस यांनीं काम चालविलें, हें इतिहासांत नांवानिशीं आहे. मजुरांचीं नांवें मात्र त्यांत नाहींत.

तात्पर्य, पार्कसाइडचा लेख शोकाचें साधन म्हणून जपावा, अपघाताचें प्रमाण म्हणून नव्हे. ईगल्सक्लिफची एक ओळ त्याहून अधिक सांगते, कारण ती कारणाचें नांव घेते. संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, सनदा व वंशावळी शोधतांना मुकादमांच्या हजेऱ्या, गांवच्या मृत्यूच्या नोंदी व रेल्वेच्या कामाचे हिशेब रद्दी समजून टाकूं नयेत. आपल्या लोहमार्गावरील पहिला बळी कोण, याचें उत्तर कोठें असेल तर अशाच कागदांत असेल.