एकटे वटवाघूळ

थॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञाचा ‘वटवाघूळ असणे म्हणजे काय असते?’ हा १९७४चा निबंध मी प्रथम वाचला तो खानापूर तालुक्यातील आजोळी, दिवेलागणीच्या वेळी. बाहेर अंगणात वाघळांच्या घिरट्या चालूच होत्या. नेगेल म्हणतात, प्रतिध्वनीवरून वाट काढणाऱ्या या प्राण्याच्या मेंदूची सारी माहिती हाती आली, तरी त्याला स्वतःला जग कसे भासते हे आपल्याला कळणार नाही. युक्तिवाद बिनतोड वाटतो. आजही मला तो मोलाचा वाटतो.

पण निबंधातले वाघूळ एकटे आहे. त्याला गुहा नाही, थवा नाही, भक्ष्यही जवळजवळ नाही. लेखकाचा प्रश्न मनाचा होता, रानाचा नव्हता, हे मान्य. तरीही एकट्या वाघळाचे मन ही कल्पनाच मला अपुरी वाटते. केनेथ रोडर यांनी दाखवले की काही पतंगांच्या एकेका कानात आवाज टिपणाऱ्या चेतापेशी अवघ्या दोन असतात. तेवढ्यावर पतंग वाघळाची दूरची हाक ऐकून दिशा बदलतो आणि जवळची ऐकताच गिरक्या घेत खाली कोसळतो. म्हणजे त्या हाकेचा अर्धा अर्थ पतंगाच्या कानात आहे.

ही साखळी आपल्या दारापर्यंत येते. २००६ साली न्यूयॉर्क राज्यात वाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. पुढे त्या रोगाने लाखो वाघळे मेली. एयाल फ्रँक यांच्या २०२४च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, रोग पोहोचलेल्या भागांत शेतकऱ्यांची कीटकनाशके सुमारे ३१ टक्क्यांनी वाढली आणि अपघात वगळता होणारे बालमृत्यूही सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. वाघळे गेली, त्याची किंमत पाळण्यातल्या जिवांनी मोजली.

आता आपल्याकडे पाहू. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतले मोठ्या कानांचे, मोकळ्या शेपटीचे वाघूळ १९१३ साली शास्त्राला ज्ञात झाले. कित्येक दशके ते जगात फक्त इथेच आहे असा समज होता. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. त्याच्यावरचे आपले लेखन मात्र ‘दुर्मीळ’ या शब्दापाशी आणि गुहेच्या तोंडापाशी थांबते. रात्री ते बाहेर पडते, तेव्हा त्याला लागणारे रान, किडे आणि अंधार यांची दखल कोणी घ्यायची? नुसती गुहा राखून ते वाचणार नाही.

सीमेवर राहणाऱ्या आपल्याला हे परके नसावे. घरात मराठी, बाजारात कानडी, सोयरीक तिसऱ्याच गावी. इथला माणूस कळायचा तर त्याचे येणेजाणे पाहावे लागते. वाघळाचेही तसेच आहे.