रॉकपोर्ट चालण्याची चाचणी : उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :
हृदय व फुप्फुसांची कार्यक्षमता ठरविण्याची सर्वांत विश्वसनीय पद्धत म्हणजे प्रयोगशाळेत कमाल प्राणवायू ग्रहणक्षमतेचे प्रत्यक्ष मापन करणे. ही पद्धत खर्चिक असल्याने शारीरिक शिक्षणात रॉकपोर्ट चाचणीचा आधार घेतला जातो. १ मैल अंतर शक्य तितक्या वेगाने चालणे, लागलेला वेळ व अखेरीस नाडीचे ठोके नोंदविणे, एवढीच तिची कृती आहे. तथापि कृती सुलभ असली तरी तिचे उत्तर सर्वांस सारखेच लागू पडते काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

समीकरणाची रचना :
क्लाइन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ३० ते ६९ वयोगटातील ३४३ निरोगी प्रौढांच्या अभ्यासातून हे समीकरण मांडले. १३२.८५३ या स्थिरांकातून पौंडातील वजनाची ०.०७६९ पट, वयाची ०.३८७७ पट, मिनिटांतील वेळेची ३.२६४९ पट व प्रतिमिनिट नाडीची ०.१५६५ पट वजा केली जाते, पुरुषांसाठी ६.३१५ मिळविले जातात. उत्तर दर किलोग्रॅम वजनास दर मिनिटाला लागणाऱ्या प्राणवायूच्या मिलिलीटरमध्ये मिळते.

मर्यादा :
प्रत्यक्ष मापनाशी या समीकरणाचा सहसंबंध गुणांक ०.८८ आढळला. परंतु मूळ गटात स्त्री-पुरुष दोन्ही होते व वयातील अंतर सुमारे ४० वर्षांचे होते. वय व लिंग यांतील फरकामुळेच क्षमतेत मोठी तफावत पडते. ३० व ६० वर्षांच्या दोन व्यक्तींत, एक पाऊलही न टाकता, समीकरण ११.६ एककांचा फरक दाखविते. महाविद्यालयीन वर्गात वय जवळजवळ समान असल्याने हा आधार नाहीसा होतो. शिवाय १८ ते २२ हे वय मूळ गटाबाहेरचे असून, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत हे समीकरण क्षमता वास्तवापेक्षा जास्त दाखविते, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले आहे.

अंदाजाची प्रमाण त्रुटी सुमारे ५ एकक आहे. म्हणजे ४२ व ४५ असे उत्तर आलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी अधिक सक्षम कोण, हे चाचणी सांगू शकत नाही. नोंदीतील चुकांची त्यात भर पडते. १५ सेकंदांत १ ठोका चुकल्यास उत्तर ०.६ ने बदलते. ६० किलोग्रॅम वजन पौंडात न बदलता तसेच घातल्यास ते सुमारे ५.६ ने फुगते. हृदयगती मंदावणारी औषधे घेणाऱ्यांचे उत्तरही फसवे असते.

निष्कर्ष :
या चाचणीवरून विद्यार्थ्यांचा गुणानुक्रम लावणे किंवा संघनिवड करणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय नाही. तसे केल्यास वजन, वय व लिंग यांचेच गुण क्षमतेच्या नावे दिले जातात. मात्र एकाच व्यक्तीची, त्याच मैदानावर, प्रशिक्षणापूर्वी व नंतर चाचणी घेऊन वेळ व नाडी यांची तुलना केल्यास प्रगतीचा उपयुक्त निर्देश मिळतो. चाचणीचे खरे मोल तेथेच आहे.