चौऱ्याऐंशी स्वार आणि एक थापटणे

नामदेव महाराज पूर्वायुष्यात वाटमारे होते, ही कथा मराठी चरित्रकारांना कायम अडचणीची वाटत आली आहे. महिपतीबुवांच्या ‘भक्तिविजया’त (१७६२) दामाशेटींना बालक नामदेव भीमेच्या पात्रात शिंपल्यात सापडतात, दरोड्याचे नावही नाही. उलट मॅकॉलिफ यांनी १९०९ साली शीख धर्मावरील ग्रंथात नामदेवांचे चरित्र दिले, त्यात ही कथा आहे. तिला आधार गाथेतल्या एका अभंगाचा. तो अभंग मूळ नामदेवांचा नसून नंतरच्या कुणा ‘नामा’चा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटते. पण अभंग प्रक्षिप्त ठरला म्हणून कथा फेकून द्यावी, हे मात्र पटत नाही. इतिहास म्हणून ती टिकणार नाही. कथा म्हणून तिने काय केले आहे, ते पाहिले पाहिजे.

थोडक्यात कथा अशी. नामदेव दरोडेखोरांच्या टोळीत होते, चौऱ्याऐंशी स्वार त्यांनी मारले. (आकडा अर्थातच हिशेबाचा नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनी, चौऱ्याऐंशी सिद्ध, त्याच घरातला हा आकडा.) एकदा औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात एक बाई रडणाऱ्या मुलावर चिडलेली त्यांना दिसली. घरात अन्न नव्हते. विचारल्यावर कळले, तिचा नवरा त्या चौऱ्याऐंशींतलाच. नामदेवांनी घोडी देऊन टाकली, देवासमोर स्वतःच्या मानेवर शस्त्र ओढले, रक्त पिंडीवर उडाले आणि देऊळ बाटवले म्हणून लोकांनी त्यांना बाहेर काढले. तिथून ते पंढरपूरला गेले.

माझे गाव सिद्धेश्वर. पूर्णेवरच्या धरणामुळे लोकांना ठाऊक आहे. औंढा आमच्याच तालुक्याचे ठिकाण, आणि नामदेवांचे नरसीही याच हिंगोली जिल्ह्यात. तरीही या कथेकडे मी वळलो तो चिनी कादंबऱ्यांमुळे. ‘वूश्या’ नावाच्या तिकडच्या तलवारबाजांच्या कथाप्रकारात हत्यार खाली ठेवू पाहणारा माणूस हे जुने पात्र आहे. निवृत्त होणारा योद्धा सगळ्यांना बोलावून सोन्याच्या पात्रात हात धुतो, असा विधीच त्या कथांत असतो. जिन योंग यांच्या ‘द स्माइलिंग, प्राउड वाँडरर’मध्ये (१९६७–६९) ल्यू चंगफंग असे हात धुवायला निघतो, त्याला फक्त संगीत हवे असते, आणि त्याच समारंभात त्याचे कुटुंब कापले जाते. अलीकडच्या हलक्याफुलक्या अद्भुत कादंबऱ्या मात्र हाच साचा विनोदासाठी वापरतात. एके काळचा मारेकरी खानावळ चालवतो, भाजी चिरतो, शेजारणीची बोलणी खातो. वाचक हसतो, कारण या हातांनी पूर्वी काय केले हे त्याला माहीत असते. ते वगळा, उरतो एक साधा खानावळवाला.

हे लक्षात आल्यावर नामदेवांच्या दोन प्रसिद्ध कथा मला वेगळ्या दिसू लागल्या. पहिली गोरोबाकाकांची. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काका थापटणे घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारत मडकी पक्की की कच्ची हे पाहतात. सगळे निमूट सोसतात. नामदेव तेवढे कुरकुरतात आणि कच्चे ठरतात. आपण ही कथा अहंकाराची म्हणून ऐकतो. पण चौऱ्याऐंशी स्वार आठवून ऐकली, तर थापटण्याच्या एका फटक्याने कळवळणारा हा माणूस कोण, हे ध्यानात येते.

दुसरी पुन्हा औंढ्याचीच. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांना विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसतात. नामदेव संतापतात. विसोबा म्हणतात, पिंड नसेल तिथे ठेव माझे पाय. आणि पाय ठेवावा तिथे पिंड उभी राहते. अद्वैताचा पाठ म्हणून ही कथा कीर्तनात रंगते. पण याच पिंडीवर ज्याने रक्त उडवले, ज्याला याच देवळातून हाकलले, तो म्हाताऱ्याच्या पायांवरून ओरडतो आहे! दरोड्याची कथा गाळल्यावर हा विनोद अर्धा मरतो. आदरापोटी आपण नामदेवांना निष्कलंक केले आणि त्यांच्या कथांतला हा मिश्किलपणा घालवून बसलो, असे माझे मत आहे.

गेले ते एवढेच नाही. वाल्या कोळ्याच्या कथेत पापाचा वाटा नाकारतात ते त्याचे घरचे. मारलेल्यांच्या बाजूने कुणी बोलत नाही. पाली ‘अंगुलिमाल सुत्ता’त भिक्षू झालेल्या अंगुलिमालाला लोक दगड मारतात, त्याचे डोके फुटते, भिक्षापात्र मोडते, तिथे निदान गाव बोलते. चिनी हलकी कादंबरी या बाबतीत वाल्याच्या बाजूची आहे: मेलेल्यांची नावे पडद्यामागे ठेवली, तरच खानावळीतले हसू निर्वेध चालते. औंढ्याच्या कथेत मात्र विधवा प्रत्यक्ष समोर येते, आणि तिला कुठलेही तत्त्वज्ञान सांगायचे नाही. मूल भुकेले आहे, एवढेच तिचे म्हणणे. नामदेवांच्या चरित्रातून ही कथा काढताना तिलाही आपण काढले. खरे तर कथेनेही तिचा पूर्ण हिशेब केलेला नाही: घोडी दिली, पुढे मुलाचे काय झाले, ते अभंगकर्त्याने सांगितलेले नाही.