हा तर मीच!

कादंबरी वाचून झाल्यावर मराठी वाचक एक दाद हमखास देतो : "अगदी माझंच लिहिलंय!" समीक्षेने या दादेला कधी फारसं मोजलं नाही. पात्रात स्वतःला शोधणं हे कच्च्या वाचकाचं लक्षण, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. मला तो मान्य नाही. कोणाला पुस्तकात आपलं माणूस भेटतं, कोणाला भेटतच नाही, आणि भेटतं ते अख्खं माणूस असतं की नुसता नमुना, यावरून एखाद्या भाषेतल्या कथा-कादंबरीची प्रकृती ओळखता येते. मराठीत आज पूर्वी कधी नव्हती एवढ्या प्रकारची माणसं पानांवर आली आहेत. त्यातली बरीच मात्र अजून जिवंत व्हायची आहेत.

हरि नारायण आपट्यांचं 'करमणूक' हे साप्ताहिक 1890 साली सुरू झालं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. या कादंबरीची नायिका यमू स्वतःच आपली हकीकत सांगते. लिहिणारा पुरुष आणि बोलणारी बाई, हा त्या काळी मोठाच धाडसाचा घाट होता. यमूचं वैधव्य आणि तिचं केशवपन यांवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं. मला तिची खरी ओळख पटते ती त्याआधीच्या भागात, मुंबईतल्या तिच्या थोड्या दिवसांच्या संसारात. नवऱ्याच्या प्रोत्साहनाने वाचायला शिकलेली, हलक्या मनाने बोलणारी ही यमू हरिभाऊंनी रंगवली म्हणून तर पुढचं सगळं असह्य होतं. केवळ सोसणारी यमू उभी केली असती तर ती सुधारणेच्या व्याख्यानातला एक दाखला ठरली असती.

1933 साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि गदारोळ उठला. हे टोपणनाव मालती बेडेकरांचं. त्या संग्रहातली 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' ही कथा आजही कोणत्याही शहरातल्या नोकरदार मुलीच्या हाती द्यावी. मुलगी शिकली, कमावती झाली आणि तिच्या पगारावर घर चालू लागलं. मग तिच्या लग्नाची घाई कोणाला राहील? इथे कोणी दुष्ट नाही. प्रेमळ आईबापांच्या घरातच मुलीचं आयुष्य अडकून पडतं आणि ते बोलून दाखवायची तिलाच लाज वाटते. ज्या लाजेला घरात शब्द नसतो, तिला कथेत शब्द मिळाला की वाचणारी दचकते. ओळख पटते ती या जागी. वय, गाव, जात, व्यवसाय जुळून येणं ही त्याहून बरीच वरवरची गोष्ट झाली.

याला मोठा पुरावा गौरी देशपांडे यांचा. 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत'मधलं जपान कधी न पाहिलेल्या, पासपोर्टही नसलेल्या बायकांना गौरींच्या नायिका जवळच्या वाटल्या. प्रेम केल्यावरही आपलं आपलेपण शिल्लक ठेवता येईल का, हा प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघरातलाही होता.

मात्र एवढ्यावरून 'साहित्य सार्वत्रिक असतं, कोणीही कोणातही स्वतःला पाहू शकतो' असं म्हणून हात झटकणं लबाडीचं होईल. 1963 हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली आणि बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रहही आला.

'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला येतो. होस्टेल, मेसचे हिशेब, गॅदरिंग, वडिलांनी पाठवलेल्या पैशांची बोच, नापास होणं आणि गावी परतणं, हे सारं गावाकडून शहरात आलेल्या कित्येक पिढ्यांनी आपलंच म्हणून वाचलं. धाकट्या बहिणीच्या, मणीच्या मृत्यूनंतरची पानं तर मराठी गद्यातली अतिशय उत्कट पानं आहेत. पांडुरंगचा तिरकस सूर तिथे मोडतो आणि त्याला दुःख करण्याची रीतच सापडत नाही. बहिणीवर माया करणारा आणि ती बोलून न दाखवणारा कोणताही भाऊ या पानांपाशी थांबतो. मुलींनीही 'कोसला' पांडुरंग होऊनच वाचली, कारण त्यांना व्हायला दुसरं कोण होतं? मणी तर बोलण्याआधीच गेली.

बागुलांच्या कथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो, जात लपवून खोली मिळवतो. पुढे ती उघड होते आणि त्याला मार खावा लागतो. तो कवीमनाचा आहे, माणसांवर विश्वास टाकणारा आहे. ज्या घरात त्याची आस्थेने विचारपूस होते, तिथेच त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. खोली भाड्याने घेताना आडनाव विचारल्यावर क्षणभर जीभ अडखळणारी मुलं आजही पुण्या-मुंबईत आहेत. त्यांनी ही कथा वाचली तर त्यांना ती साठ वर्षांपूर्वीची वाटणार नाही. पांडुरंगला पुण्यात एकटेपणा छळतो. बागुलांच्या तरुणाला ओळखलं जाण्याचं भय छळतं. दोघेही घर सोडून परक्या जागी गेलेले, पण एकाच्या दुःखाला आपण 'पिढीचं दुःख' म्हटलं आणि दुसऱ्याच्या दुःखाला 'दलित साहित्य' म्हणून वेगळ्या फळीवर ठेवलं. ही वाटणी लेखकांनी केलेली नाही. ती अभ्यासक्रमांनी, परिसंवादांनी आणि आपण वाचकांनी केली.

मग दलित लेखकांचा ओघ आत्मकथनाकडे वळला, यात नवल नाही. दया पवारांचं 'बलुतं' 1978 सालचं. त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. लिहिणारा आणि जगलेला समोरासमोर बसतात. स्वतःला स्वतःच्याच पुस्तकात पाहण्याचा इतका अवघड प्रयोग मराठीत क्वचितच झाला असेल. पण आत्मकथनांच्या या यशाने एक नुकसानही झालं, असं माझं मत आहे. वंचित माणसाने आपली 'खरी' हकीकत सांगावी आणि कल्पनेचा खेळ इतरांनी खेळावा, अशी न बोललेली अपेक्षा तयार झाली. कादंबरीतलं पात्र होणं म्हणजे चुकण्याचा, खोटं बोलण्याचा, फालतू गोष्टींत रमण्याचा हक्क मिळणं. तो हक्क अजून सर्वांना सारखा मिळालेला नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत चित्र बदललं आहे. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधला एकनाथ हा शिकलेला, नोकरीसाठी पैसे भरू न शकलेला शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षणाने त्याला शेतीत रमू दिलं नाही आणि दुसरीकडे जागाही दिली नाही. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत न दिसणारा घरातला रोजचा धुसफुसणारा ताण या कादंबरीत आहे, म्हणून ती टिकेल. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' 2006 सालची, म्हणजे कलम 377 बाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाच्या बरीच आधीची. एकाच घरातले भाऊ-बहीण एकाच भाडेकरूवर प्रेम करतात. त्यातला भाऊ, तनय, आपल्या समलैंगिक असण्याचं समर्थन करत बसत नाही. खोलीतल्या वस्तू, वास, सवयी आठवत तो गेलेल्या माणसाशी बोलत राहतो. विरह भोगलेल्या कोणालाही तो आपला वाटतो, आणि ज्याला आजवर मराठीत आपलं कोणी भेटलं नव्हतं त्याला तर जास्तच. तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या लाटेत हातचं काम जाणारा शिंपी तिच्या केंद्रस्थानी आहे. सौदागर यांनी स्वतः शिवणकाम केलेलं आहे. मशीनपुढे बसून गिऱ्हाइकाची वाट पाहणं काय असतं, हे बाहेरून पाहणाऱ्याला असं लिहिता आलं नसतं.

अशा पुस्तकांच्या शेजारी मात्र दुसरा एक ढीग वाढतो आहे. त्यात प्रत्येक पात्र कोणत्या ना कोणत्या समूहाचं निवेदन घेऊन येतं. शेतकरी कर्जाबद्दलच बोलतो, मुस्लिम माणूस संशयाबद्दलच आणि घटस्फोटित बाई फक्त स्वातंत्र्याबद्दल. लेखकाची कळकळ खरी असते, पण त्या समूहातल्या वाचकाला तिथे मिळतो तो आपला प्रतिनिधी. आपण सकाळी उठून कोणावर चिडतो, कोणता पदार्थ चोरून खातो, कोणाचा हेवा करतो, हे काही त्याला त्यात दिसत नाही. हमीद दलवाईंनी 'इंधन' 1965 साली लिहिली. कोकणातलं मुस्लिम घर त्यांनी आतून, हेव्यादाव्यांसकट आणि वासनांसकट उभं केलं. स्वतःच्या माणसांना निर्दोष ठरवण्याची घाई त्यांना नव्हती. त्या निर्भयपणाचा वारसा पुढे चालवणाऱ्या कादंबऱ्या मराठीत आजही थोड्याच आहेत.

मुलांच्या पुस्तकांत तर हे दारिद्र्य अधिक जाणवतं. श्याम, गोट्या, फास्टर फेणे यांनी पिढ्या घडवल्या. ताम्हनकरांची चिंगी सोडली तर लक्षात राहणाऱ्या मुली आठवाव्या लागतात. माधुरी पुरंदऱ्यांच्या राधाने आणि यशने लहानग्यांना घरातली साधी माणसं दिली, हे मोठं काम आहे. पण मराठवाड्यातून दरवर्षी लाखो कुटुंबं उचल घेऊन, मुकादमामागे कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणून मोजतात. कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहणारं त्यांचं पोर कथेत आलंच तर शाळा बुडाल्याच्या दुःखापुरतं येतं. बैलांना ते काय नावं ठेवतं, धाकट्या भावंडाला सांभाळताना कोणते खेळ काढतं, ट्रॅक्टरवाल्याची नक्कल करून आईला कसं हसवतं, अशी एखादी खोडकर, पोट धरून हसायला लावणारी मालिका मला वाचायची आहे. ती लिहू शकणारी मुलं आता शिकून मोठी झाली आहेत. प्रकाशकांनी त्यांच्याकडे आत्मकथन मागू नये, गोष्ट मागावी.