नेटवर्क स्विचची 'बॅकप्लेन क्षमता' : माहितीपत्रकातील एका आकड्याची चिकित्सा

संगणक प्रयोगशाळेसाठी नेटवर्क स्विच घेताना खरेदी समितीपुढे येणाऱ्या माहितीपत्रकात 'बॅकप्लेन क्षमता' हा आकडा ठळकपणे छापलेला असतो. तो जितका मोठा तितके यंत्र सरस, असा समज रूढ आहे. प्रस्तुत टिपणात या समजाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

मुळात ही संज्ञाच बव्हंशी गैरलागू झाली आहे. कार्डे बसविता येणाऱ्या मोठ्या स्विचमध्ये ती कार्डे मागील ज्या पाटीला जोडली जातात, ती बॅकप्लेन. प्रयोगशाळेतील २४ पोर्टांच्या पेटीत अशी पाटी सहसा नसते. वाहतुकीचे काम चिपच करते.

आकड्याचे गणितही साधे आहे. १ गिगाबिटचे २४ पोर्ट, येणे व जाणे या दोन्ही दिशा स्वतंत्र धरून, प्रतिसेकंद ४८ गिगाबिट होतात. १० गिगाबिटचे ४ पोर्ट जोडले की १२८. छापलेला आकडा या गुणाकारापेक्षा कमी असेल, तर सर्व पोर्ट एकाच वेळी पूर्ण वेगाने चालणार नाहीत; एवढी उपयुक्त माहिती त्यातून मिळते. तो गुणाकाराइतका किंवा अधिक असेल, तर वाचकाच्या पदरी नवे काहीच पडत नाही.

पॅकेटांच्या आकड्याचेही तेच. लहानात लहान इथरनेट फ्रेम ६४ बाइटची. आरंभीचे ८ आणि दोन फ्रेममधील अंतराचे १२ बाइट मिळवून ८४, म्हणजे ६७२ बिट. त्यामुळे १ गिगाबिटच्या पोर्टातून सेकंदाला सुमारे १४.८८ लाख फ्रेम जातात व २४ पोर्टांतून ३.५७ कोटी. पत्रकातील '३५.७ दशलक्ष' हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला की केवळ गुणलेला, हे मात्र पत्रक सांगत नाही. वस्तुतः १९९१ च्या आरएफसी १२४२ या दस्तऐवजानुसार एकही फ्रेम न गळता साधणारा कमाल वेग म्हणजे थ्रूपुट. तो निरनिराळ्या आकारांच्या फ्रेमवर कसा मोजावा, हे १९९९ च्या आरएफसी २५४४ मध्ये दिले आहे. समितीने मागावा तो या मोजणीचा तक्ता.

भिवंडीत हे पटवून देणे कठीण जाऊ नये. यंत्रमागाच्या पाटीवरील वेगावरून येथे कोणी दिवसाचे कापड ठरवीत नाही; ताण्याचे धागे किती तुटतात, वीज किती तास असते, हे आधी पाहिले जाते. प्रयोगशाळेतील ताणा म्हणजे सर्व्हरकडे जाणारी तार. ती १ गिगाबिटची असेल आणि २४ विद्यार्थी एकाच वेळी सर्व्हरवरील फाइल उघडत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ४२ मेगाबिटांहून अधिक येणार नाही. मग स्विच ४८ चा असो वा १२८ चा.

तरीही निविदेत 'किमान १२८ गिगाबिट' अशी अट घातली, की १० गिगाबिटचे दोनच पोर्ट असलेला, म्हणून ८८ गिगाबिटचा ठरणारा, पण अशा प्रयोगशाळेस पुरून उरणारा स्विच स्पर्धेतून आपोआप बाद होतो.